चौथ्या दिवसापुढच्या माश्या

मैना कुंजीर आमच्या संस्थेत झाडलोट करायला आली आणि पहिल्याच आठवड्यात तिने आठ-नऊशे माश्या मारल्या.

ही एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरची गोष्ट. शनिवार पेठेतल्या एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर आमची खासगी संशोधन संस्था होती. खाली छापखाना, वर आम्ही. चार खोल्या, एक गच्ची आणि डॉक्टर यज्ञेश्वर मोघे. मोघे सर फळमाश्या पाळायचे. पिकलेल्या केळ्यावर बारीक चिलटं बसतात ना, तीच. दुधाच्या रिकाम्या बाटल्यांत त्यांची पैदास व्हायची, बाटलीच्या तोंडाला कापसाचा बोळा. मी, पद्मजा, बीएस्सी होऊन नुकतीच त्यांच्या हाताखाली लागले होते. रजिस्टर लिहायचं आणि सरांची बोलणी खायची, ही माझी दोन कामं.

त्या दिवशी मैनाने माश्यांच्या खोलीत फिनेल ओतलं, फरशी लख्ख घासली, खिडकी लावून घेतली आणि खाली चहाला गेली. आम्ही दार उघडलं तेव्हा बाटल्यांच्या तळाशी काळे तीळ सांडावेत तशा माश्या पडल्या होत्या.

"वा!" मोघे सर म्हणाले. "सहा महिन्यांचं काम आपण एका सकाळी उरकलंत. आता दुपारी काय करणार?"

दुसरी एखादी रडली असती. मैना तिशीची, सावळी, रुंद हाडाची बाई. तिने सरांकडे बघितलंसुद्धा नाही. मांडणीसमोर उकिडवी बसून ती बाटल्या न्याहाळत होती.

"खालच्या फळीवरल्या समद्या मेल्यात," ती म्हणाली. "मधल्या निम्म्या. वरल्या फळीवर दोन-चारच. वास खालनं वर चढला न्हवं?"

सरांनी चष्मा काढून पुसला. मग माझ्याकडे वळून विचारलं, "तुम्हाला बीएस्सीला कोणता वर्ग मिळाला होता?"

"दुसरा, सर."

"या शाळेत गेलेल्याच नाहीत. लक्षात असू द्या."

झाडूचं काम दुसऱ्या बाईकडे गेलं आणि मैना माश्यांच्या खोलीची झाली.

ती मांजरी गावाहून यायची. पहाटे भाकऱ्या बडवून, दोन बस बदलून, नवाच्या आत हजर. घरी नवरा सोनबा आणि नऊ वर्षांची मुलगी आनंदी. जमीन दिरांकडे गेली होती. सोनबा हडपसरच्या बाजूला एका रेक्झिनच्या बॅगांच्या कारखान्यात डिंकखात्यात होता. डिंक म्हणजे झाडाचा नव्हे. रबर थिनरमध्ये विरघळवून केलेला, बॅगेचे थर चिकटवायचा. नवऱ्याविषयी ती क्वचितच बोलायची, पण बोलायची तेव्हा जरा तोऱ्यात. लग्नाच्या वर्षी त्याने विहिरीच्या काठावरून उडी मारून बुडणारं वासरू वर काढलं होतं म्हणे.

माश्यांचं खाणं ती रांधायची. मक्याचं पीठ, गूळ, यीस्ट, सगळं घोटून बाटल्यांत ओतायचं. केळी मंडईतून आणायची, तीही काळी पडलेली. मंडईतला गाळेवाला एकदा तिला म्हणाला, "म्हशीला घालता काय हो बाई?" मैना म्हणाली, "डाक्टरला." आणि तराजूकडे बघत उभी राहिली.

काम संपलेल्या माश्या तेलाच्या बाटलीत ओतून मारायच्या असत. मी बाटली हळूहळू झटकत बसायचे. मैना बाटली उलटी करून तळहाताने एक दणका द्यायची की शंभर माश्या तेलात.

"तुम्हाला काहीच वाटत नाही?" मी विचारलं.

"वाटून त्या भाईर येनार हायत का?"

मोघे सरांची परीक्षा साधी होती. फळमाशीचा स्वभाव वर जाण्याचा. काचेच्या नळीत वीस माश्या घालायच्या, नळी तळहातावर आपटायची. सगळ्या तळाला पडतात आणि लगेच काचेवरून वर चढू लागतात. नळीच्या मध्यावर शाईची रेघ. दहा सेकंदांत रेघेच्या वर किती गेल्या ते मोजायचं. निरोगी असतील तर अठरा-एकोणीस जातात. आता अशाच माश्यांना रोज थोडा वेळ एखाद्या रसायनाच्या वाफेत ठेवायचं आणि पुन्हा मोजायचं. हवेतलं विष माणसाच्या नाकाला कळण्याआधी माशीच्या पायांना कळतं, असं सर म्हणायचे. ती फिनेलची सकाळ त्यांच्या डोक्यात बसली होती.

मोजणी फक्त मैनाला जमायची. माझी नजर चुकायची, सरांची तर पहिल्या तीन सेकंदांतच. मैना नळी डोळ्यांसमोर धरायची, ओठ न हलवता बघायची आणि आकडा सांगायची. मी लिहून घ्यायचे. सरांनी दोनदा तिची परीक्षा घेतली, फोटो काढून. दोन्ही वेळा ती बरोबर.

एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात आप्पासाहेब आले. बॅगांच्या कारखान्याचे मालक. पांढरा सफारी, हातात पेढ्यांचा पुडा, बोलणं अत्यंत नम्र. त्यांनी डिंकात नवीन, स्वस्तातलं थिनर वापरायला सुरुवात केली होती. कामगारांची कुरकुर होती की वासाने डोकं धरतं, पाय बधिर होतात. सरकारी तपासनीस येण्याआधी त्यांना शास्त्रीय कागद हवा होता.

"तीन दिवसांची तपासणी पुरेल, डॉक्टरसाहेब," ते म्हणाले. "आपला शब्द म्हणजे प्रमाण."

दुसऱ्या दिवशी थिनरचा डबा आला. मैनाने झाकण उघडलं आणि तशीच थांबली.

"काय झालं?" मी विचारलं.

"ह्यो माझ्या घरचा वास हाय," ती म्हणाली. "ह्यांच्या सदऱ्याचा."

तीन दिवस मोजणी झाली. अठरा, अठरा, एकोणीस. माश्यांना काही झालं नव्हतं. तिथे थांबायचं होतं, पण सरांना राहवेना. विज्ञानाची त्यांना खरी भूक होती, ते मी नाकारत नाही. "माणूस काय तीन दिवस नोकरी करतो?" ते म्हणाले. "वीस दिवस चालवू. शेजारी नुसत्या स्वच्छ हवेतल्या माश्याही ठेवा, म्हणजे म्हातारपणाने मंदावल्या असं कोणी म्हणायला नको."

चौथ्या दिवशी सोळा. आठव्या दिवशी तेरा. बाराव्या दिवशी माश्या चढता चढता मध्येच घसरू लागल्या. विसाव्या दिवशी मैनाने नळी आपटली, दहा सेकंद बघितलं आणि नळी तशीच डोळ्यांसमोर धरून ठेवली.

"किती?" मी विचारलं.

"चार."

बाकीच्या सोळा तळाशी होत्या. मेलेल्या नव्हत्या. पाय ओढत गोल गोल फिरत होत्या. स्वच्छ हवेतल्या नळीत वीसपैकी सतरा वर गेल्या होत्या.

मैना सरांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली. एरवी ती त्यांच्या खोलीत जायची नाही.

"साहेब, आमच्या मालकांच्या पायातली चप्पल गळती. रस्त्यात मागं ऱ्हाती आन् त्यांना समजत न्हाई. म्होरं जात्यात तसंच. कालच्याला हातातनं तांब्या पडला."

सर म्हणाले, "मैनाबाई, माशीला नवरा नसतो आणि नवऱ्याला पंख नसतात. एकावरून दुसऱ्यावर उडी मारू नका." मग म्हणाले, "गुरुवारी घेऊन या त्यांना."

गुरुवारी कारखान्याला सुट्टी. सोनबा आला तो इस्त्रीचा सदरा आणि धुतलेली टोपी घालून. उंच, देखणा माणूस. डॉक्टरांनी बोलावलंय म्हणजे औषध मिळणार, अशी त्याची समजूत होती. त्याने सरांच्या पाया पडायचा प्रयत्न केला. वाकताना तोल गेला म्हणून मैनाने धरलं.

सरांनी त्याला जिन्याखाली उभं केलं. बावीस पायऱ्यांचा लाकडी जिना. माझ्या हातात स्टॉपवॉच दिलं आणि स्वतः वर जाऊन उभे राहिले.

"मी खूण केली की चढायचं. जमेल तेवढं भरभर."

आणि त्यांनी पेन्सिल कठड्यावर आपटली. टक्. नळी आपटतात तशी.

सोनबा चढला. पहिल्यांदा एकवीस सेकंद. दुसऱ्यांदा चौतीस. छापखान्यातली माणसं दारात जमली होती. कुणीतरी म्हणालं, "चढ रे पैलवान!" आणि हशा पिकला. सोनबाही हसला, त्यांच्याबरोबर, ओशाळून. तिसऱ्यांदा सर पुन्हा पेन्सिल आपटणार तेवढ्यात मैना म्हणाली, "बास करा." सरांनी आपटली. अकराव्या पायरीवर सोनबाची चप्पल सुटली, त्याला कळलं नाही, पंधराव्या पायरीला पाऊल अडकलं आणि तो तोंडावर पडला. नाकातून रक्त आलं. छापखान्यातली माणसं आत गेली.

"किती झाले?" सरांनी वरून विचारलं.

मी घड्याळ बघितलं. "पडेपर्यंत एकोणतीस, सर." मी हे खरोखर बोलले. अजून माझ्या कानात आहे.

सरांनी आकडा वहीत टिपला. सोनबा टोपीने नाक पुसत वर आला. "साहेब, औषध?"

"मी माणसांचा डॉक्टर नाही हो," सर म्हणाले. "किड्यांचा आहे. पण ते काम सोडलंत तर बरं."

"मग खायाचं काय?"

"तो माझा विषय नव्हे."

जाताना मैनाने अकराव्या पायरीवरची चप्पल उचलली आणि खाली बसून त्याच्या पायात घातली, पोराला घालतात तशी. माझ्याकडे तिने पाहिलं नाही.

पुढच्या आठवड्यात आप्पासाहेब परत आले. मोघे सरांनी त्यांना वीस दिवसांचे आकडे दाखवले. आकडे दाखवताना सर अगदी खुशीत होते, मुलगा चित्र दाखवतो तसे. आप्पासाहेबांनी सगळं शांतपणे वाचलं.

"सुंदर काम," ते म्हणाले. "पण डॉक्टरसाहेब, मी तीन दिवसांचं विचारलं होतं."

दार लोटलं गेलं. अर्ध्या तासाने उघडलं तेव्हा संस्थेला दोन नवे सूक्ष्मदर्शक मिळणार हे ठरलं होतं. संध्याकाळी सरांनी मला बोलावलं.

"पद्मजाबाई, विचारलं तेवढंच उत्तर द्यायचं असतं. परीक्षेतही आणि बाहेरही. नवीन रजिस्टर करा. तीन दिवसांचं. खोटं काही लिहायचं नाही; चौथ्या दिवसापासून पुढचं उतरवायचं नाही, इतकंच. मोजणाऱ्याची सही लागेल. आणि हो, जानेवारीत तुमच्या कायम होण्याचा प्रस्ताव मी समितीपुढे ठेवतोय."

मी ते रजिस्टर लिहिलं. माझं अक्षर चांगलं होतं. दुसऱ्या दिवशी मैना मक्याचं पीठ घोटत होती, तिच्यापुढे पान धरलं.

"मैनाबाई, जुन्या रजिस्टरवर पाणी सांडलं. नवीन केलंय. इथे सही करा."

तिने ओल्या हाताने पदर चाचपला, हात पुसले. "समदं उतरवलं न्हवं?"

"हो."

ती सहीपुरतंच लिहायला शिकलेली होती. "मैना सोनबा कुंजीर" ही तीन नावं ती पाटीवर गिरवावं तशी लिहायची, जीभ दातांत धरून. तिने सही केली. शाई वाळावी म्हणून तिने पानावर फुंकर मारली.

पावसाळ्यात सोनबाने कारखान्यात तक्रार केली. चौथ्या दिवशी त्याला काढून टाकलं. कारण लिहिलं होतं: कामावर मद्यपान करून येणे. पाय लटपटतात, हातातून वस्तू पडतात, भिंत धरून चालतो, आणखी पुरावा कशाला? सोनबा दारू पीत नव्हता. पण गावात त्याला झुलताना सगळ्यांनी पाहिलं होतं. पारावरचे लोक म्हणू लागले, "सोनबा, सकाळच्याच पारी?" आनंदीला शाळेत मुली "झिंगल्याची पोर" म्हणून चिडवू लागल्या.

आणि काम सुटल्यावर तो बरा व्हायच्या ऐवजी वाईट झाला. या विषाची तऱ्हा अशी की श्वासातून ते थांबलं तरी आतलं नुकसान काही महिने वाढतच राहतं. हे मोघे सरांना ठाऊक होतं, मलाही त्यांच्याकडूनच कळलं होतं. गावाला कुठून ठाऊक असणार? कारखाना सोडून चार महिने झाले आणि सोनबाला काठी लागली. मग लोकांना खात्रीच पटली. कारखाना सुटला, बाटली सुटली नाही.

त्याने सरकारी कचेरीत अर्ज केला. मैना निर्धास्त होती. "आपल्याकडं मोजनी हाय," ती मला म्हणाली. "माझ्या हातची. इसाव्या दिशी चार. दुसरं काय पायजे?"

मी रजिस्टरमध्ये तारीख लिहीत राहिले. तेव्हा बोलले असते तरी चाललं असतं. तिला सुनावणीआधी दोन आठवडे मिळाले असते.

सुनावणी नोव्हेंबरात झाली. अधिकारी भला माणूस होता. त्याने सोनबाला खुर्ची दिली. कारखान्याच्या वकिलाने मोघे सरांचा अहवाल पुढे ठेवला. वाफेचा माश्यांच्या चलनवलनावर परिणाम आढळला नाही. सोबत रजिस्टरची प्रत. अधिकाऱ्याने शेवटची ओळ मोठ्याने वाचली.

"मोजणी करणारी व्यक्ती, मैना सोनबा कुंजीर. या अर्जदाराच्या कोण?"

"बायको, साहेब," वकील म्हणाला. "त्यांच्याच पत्नीची सही आहे."

सोनबाने मान वळवून मैनाकडे पाहिलं. मी समोरच बसले होते, त्याचा चेहरा मला दिसला. आरोप नव्हता त्यावर. त्याला कळतच नव्हतं.

मैना उठली. "चौथ्या दिवसापास्नं म्होरलं कुठं हाय?"

मोघे सर म्हणाले, "तपासणी तीन दिवसांचीच होती."

"खोटं हाय! इसाव्या दिशी चार माश्या वर चढल्या. बाकीच्या तळाला फिरत हुत्या. पद्मजाताईंनी लिवून घेतलंय. इचारा त्यांना. ताई, सांगा की!"

अधिकारी माझ्याकडे वळला. "आपल्याला काही सांगायचंय?"

खोलीत पंख्याचा आवाज होता. मैना माझ्याकडे बघत होती, नळीकडे बघायची तशी, पापणी न हलवता.

"मला तसं काही आठवत नाही," मी म्हणाले.

अर्ज फेटाळला गेला.

दुसऱ्या दिवशी मैना नवाच्या आत कामावर हजर होती. मला वाटलं होतं ती येणार नाही. तिने पीठ घोटलं, बाटल्या भरल्या, मेलेल्या माश्या काढल्या. घरात आता तिचाच एक पगार होता. माझ्याशी ती त्यानंतर फक्त आकडे बोलायची. "अठरा. सतरा. अठरा."

पण ती स्वस्थ बसली नव्हती, हे आम्हाला फेब्रुवारीत कळलं. कारखान्यात सोनबाच्या जागी बायडाबाई म्हणून हडपसरची विधवा बाई लागली होती. मैनाने तिला गाठलं आणि माश्यांची एक बाटली दिली, तोंडाला कापसाऐवजी मलमलचं फडकं बांधून. "जेवनाच्या पिशवीत घालून ने. बसतीस तिथं बाकाखाली ठिव. सांजच्याला घरी न्यायची, दुसऱ्या दिशी परत." अशीच दुसरी बाटली तिने मांजरीला स्वतःच्या घरात ठेवली. मधून मधून जाऊन ती बायडाबाईच्या बाटलीतलं खाणं बदलायची. वीस दिवस. सरांनी शिकवलं होतं तसंच, काही न चुकता.

विसाव्या दिवसानंतरच्या गुरुवारी कालव्याच्या कडेला एका लिंबाखाली तिने डिंकखात्यातल्या सहा बायका जमवल्या. संस्थेतून आणलेल्या दोन नळ्या काढल्या. आधी घरची नळी आपटली. माश्या सरसर वर गेल्या. मग कारखान्याची आपटली. दोन माश्या रेघेवर गेल्या. बाकीच्या तळाशी पाय ओढत राहिल्या.

"बगा," मैना म्हणाली. "ह्ये तुमचे पाय हायत."

बायकांनी पाहिलं. एकीने तोंडाला पदर लावला. मग बायडाबाई म्हणाली, "बगितलं. आता काय करू ते सांग. उद्या कामावर न्हाई गेले तर माझ्या तीन लेकरांना तू खाया घालशील?"

मैनाने नळ्या पदरात गुंडाळल्या.

"न्हाई न्हवं? मग कशाला दावलंस?" बायडाबाई म्हणाली. "म्हाईत नव्हतं ते बरं हुतं."

शुक्रवारी सहाच्या सहा जणी कामावर गेल्या. आणि बायडाबाईने, आपल्यावर बालंट येऊ नये म्हणून, मुकादमाला सगळं सांगून टाकलं.

आप्पासाहेबांचा फोन आला. सरांनी मैनाला बोलावलं नाही. मलाच नोटीस टाइप करायला सांगितली. संस्थेची मालमत्ता परवानगीशिवाय बाहेर नेणे: काचेच्या नळ्या दोन, बाटल्या दोन, फळमाश्या अंदाजे दोनशे.

"माश्याही घालायच्या, सर?" मी विचारलं.

"का? त्या तिच्या तीर्थरूपांच्या होत्या?"

मैनाने नोटीस घेतली, घडी केली, कनवटीला खोचली. माश्यांच्या खोलीत जाऊन तिने त्या दिवसाचं खाणं पुरं रांधलं. मग चप्पल घालून निघून गेली. नंतरची मोजणी मीच करायचे. माझे आकडे चुकायचे. कुणी तपासलं नाही.

जानेवारीतला माझा प्रस्ताव मंजूर झालेला होताच. मी कायम झाले.

दोन वर्षांनी मोघे सरांचा एक लेख परदेशी नियतकालिकात छापून आला. अल्प प्रमाणातल्या वाफेचा दीर्घकाळ परिणाम, फळमाशीच्या चढण्यावरून. सगळे वीस दिवस त्यात होते. तेरा, चार, सतरा, सगळे मैनाचे आकडे. कारखान्याचं नाव नव्हतं, थिनर बाजारातून घेतलं असं म्हटलं होतं. शेवटी माझे आभार मानले होते. मैनाचं नाव नव्हतं. सरांना सभागृहात शाल आणि श्रीफळ मिळालं. मी टाळ्या वाजवल्या. तो लेख घेऊन मी त्या अधिकाऱ्याकडे जाऊ शकले असते. गेले नाही.

मैनाबद्दल कानावर येत राहिलं. आमचा शिपाई दिगंबर फुरसुंगीचा होता, तो सांगायचा. ती उसाच्या खुरपणीला जाते. सोनबा चालतो, पण दोन काठ्यांवर. बोटं आखडलीत, सदऱ्याची बटणं ती लावते. बायडाबाईचे पाय गेले, तिला मुलं उचलून परसाकडे नेतात. कारखान्याने पुढे ते थिनर बदललं, पण माश्यांमुळे नव्हे. दुसरं आणखी स्वस्त मिळालं.

शहाण्णव साली दिगंबरने सांगितलं, सोनबा गेला. न्यूमोनियाने. मोघे सर त्याआधीच वारले होते. आता माझी नोकरी कोणी घेऊ शकणार नव्हतं. एवढी कमी हिंमत लागणार होती तेव्हाच मी मांजरीला गेले.

घर सापडलं. मैना अंगणात शेंगा निवडत होती. केस पांढरे, हाडं तेवढीच रुंद. तिने मला ओळखलं. बसा म्हणाली नाही.

मी उभ्या उभ्या बोलू लागले. रजिस्टरवर पाणी सांडलं नव्हतं. मला सगळं आठवत होतं. मी खोटं बोलले.

ती शेंगा निवडत राहिली. माझं संपल्यावर म्हणाली, "मला कशाला सांगता? मला ठावं हाय. पोरगी आलीया घरात. तिच्याम्होरं सांगा."

तिने हाक मारली. आनंदी बाहेर आली. सव्वीस-सत्तावीसची, कपाळ वडिलांसारखं. लग्न होऊन सासरी होती, वडिलांच्या दिवसांसाठी आलेली. मी तिला सगळं सांगितलं. जिन्याचंही.

ती ऐकत राहिली. मग शुद्ध, शाळेतल्या भाषेत, हळू विचारलं, "म्हणजे दादा पीत नव्हते?"

"नाही."

"कधीच?"

"कधीच नाही."

तिने दाराची चौकट धरली. "माझ्या लग्नात मी त्यांना मांडवात येऊ दिलं नाही. सासरच्या माणसांपुढे पडतील म्हणून. ते आचाऱ्यांच्या मागे बसले होते, जेवणं उठेपर्यंत." मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, "आई सांगायची, पीत नाहीत, विष आहे. पण कागदावर विष नाही म्हणून आईचीच सही होती. सगळ्या गावाला ठाऊक होतं. मी कुणाचं खरं मानायचं?"

मी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला.

"तुम्ही तेव्हा खरं सांगितलं असतं तर?"

"माझी नोकरी गेली असती."

"आईची गेली की," आनंदी म्हणाली.

मैना सूप घेऊन उठली. "झालं न्हवं तुमचं? आता जावा. बस चारला हाय, मंग सहालाच."

मी निघाले. कुंपणापर्यंत आले तेव्हा मागे आनंदीचा आवाज चढला. ती आईवर ओरडत होती. "मग मला नीट का नाही सांगितलंस? धरून, मारून का नाही सांगितलंस?"

"सांगितलं हुतं की," मैना म्हणाली.